डावा काठ

लेक: वल्ही थांबवू नका, बाबा. तुम्ही थांबलात की माझं बोलणंही थांबतं.

नावाडी: बरं, वल्हवतो. पण सकाळपासून तोंडात गुळणी धरून बसलीस आणि आता मधल्या धारेला आल्यावर बोलणार म्हणतेस. घरात बोलायला काय झालं होतं?

लेक: घरात आई होती.

नावाडी: म्हणजे आईसमोर बोलण्यासारखं नाही. जावईबापूंचं काही?

लेक: त्यांचंच. आज मोठे साहेब शाळेत येतायत, चौकशीला. एवढं तुमच्या कानावर आहे ना?

नावाडी: नसायला काय झालं? सगळं गाव माझ्याच नावेतून जातं-येतं. दगड टाकायचे होते शाळेच्या काठाला, ते वाळूच्या काठाला कसे पडले, ते विचारायला येतायत. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी.

लेक: हे लोक म्हणतात की तुम्ही?

नावाडी: लोक म्हणतात.

लेक: तुम्ही नाही?

नावाडी: लोकांत राहून माणूस थोडंफार बोलतो, पोरी.

लेक: शिंपीणकाकू परवा नातीला बालवाडीत सोडायला आल्या होत्या. मला म्हणाल्या, तुझ्या बापालासुद्धा हसू आवरेना.

नावाडी: ती बाई एकाचे दोन करून सांगते.

लेक: दोन करायला आधी एक असावा लागतो. हसलात की नाही?

नावाडी: नाव भरलेली होती. सगळेच हसत होते. ती म्हणाली, शिकल्यासवरल्या माणसाला डावं-उजवं कळत नाही, एकदा सदरा शिवायला आला तर बाह्या उलट्या लावून देईन, मग कळेल. तिची बोलायची तऱ्हा अशी की मेलेल्या माणसालाही हसू येईल.

लेक: आणि तुम्ही काय म्हणालात?

नावाडी: आता आठवत नाही.

लेक: मला सांगितलंय त्यांनी.

नावाडी: मग विचारतेस कशाला?

लेक: तुमच्या तोंडून ऐकायचंय.

नावाडी: म्हणालो, मी शाळेत गेलो नाही तेच बरं झालं.

लेक: भरल्या नावेत. स्वतःच्या जावयाबद्दल.

नावाडी: राग होता पोटात, म्हणून निघून गेलं. तू मला एक सांग. गेल्या वर्षी भर पुरात हे गृहस्थ नावेत आले. मला म्हणाले, बाबा, ऑफिसातून दगड मंजूर झालेत, कुठला काठ चाललाय ते तुम्हीच सांगा, तुमच्याइतकी नदी कुणाला कळते. माझी छाती अशी फुगली. मी सांगितलं. आणि पाणी ओसरल्यावर बघतो तर दगड भरलेल्या तारेच्या जाळ्या समोरच्या काठाला उतरतायत, वाळूवर. म्हणजे विचारलं मला आणि केलं आपल्या मनाचं. मग विचारायचं तरी कशाला? दुसरा कुणी असता तर धरून विचारलं असतं. जावयाला कोण विचारणार? गप्प बसलो. पण सलत होतं, ते अजून सलतंय.

लेक: तुम्ही त्यांना नेमकं काय सांगितलं होतं?

नावाडी: सांगितलं की. शाळेचा काठ चाललाय म्हणून.

लेक: शाळेचा असं म्हणालात? हा शब्द?

नावाडी: तू काय वकील झालीस का?

लेक: बालवाडीची बाई आहे. पोरांकडून खरं काढून घेण्यात वकिलाहून तयार आहे. आठवून सांगा. ते कुठे बसले होते?

नावाडी: तू बसलीयस तिथेच, माझ्यासमोर. तोंड हळदीसारखं पिवळं. नोकरी नदीच्या खात्यात आणि नावेत पाय ठेवला की पोटात ढवळतं. डोळे गच्च मिटलेले, दोन्ही हातांनी फळी धरलेली. वाटलं, हा आता ओकणार. पाणी दोन्ही काठांच्या डोक्यावर गेलेलं. कड दिसत नव्हती, वाळू दिसत नव्हती, नुसता तांबडा पसारा. आम्ही असेच खाली निघालो होतो, धारेबरोबर. तसेच डोळे मिटून म्हणाले, बाबा, कुठला काठ जातोय? मी म्हणालो, डावा.

लेक: डावा.

नावाडी: हो, डावा.

लेक: हाताने दाखवलंत?

नावाडी: पुरात वल्हं सोडून हात दाखवू? मान हलवली असेल.

लेक: डोळे मिटलेल्या माणसाला मानेने दाखवलंत.

नावाडी: तोंडाने म्हणालो ना डावा!

लेक: बाबा, आत्ता तुमच्या डाव्या हाताला काय आहे?

नावाडी: शाळा आहे. काय असणार?

लेक: आणि माझ्या डाव्या हाताला?

नावाडी: तुझ्या डाव्या हाताला वाळू.

लेक: हं.

नावाडी: थांब.

लेक: वल्ही नका थांबवू.

नावाडी: अगं, थांब जरा. मला नीट बघू दे.

लेक: मला बघून झालंय. बालवाडीत मी पोरांना म्हणते, डावा हात वर, आणि स्वतःचा उजवा वर करते. पोरं समोर असतात ना, माझं बघून करतात. इतकी वर्षं करतेय, विचारसुद्धा करावा लागत नाही. परवा असाच हात वर केला आणि तसाच राहिला. पोरं म्हणायला लागली, बाई, खाली करू का, हात दुखला. मला तुमची नाव दिसत होती. तुम्ही वल्हवणारे, पाठमोरे जाणारे. आणि समोर हे.

नावाडी: पण ऑफिसात डावा म्हणजे कुणाचा डावा?

लेक: नदीचा. पाणी जातं तिकडे तोंड करून उभं राहायचं आणि मग डावा-उजवा म्हणायचं. सगळ्या नकाशांत तसंच असतं.

नावाडी: हे मला कुणी सांगितलं नाही.

लेक: तुम्ही विचारलं नाही.

नावाडी: मी खाली जाताना नदीच्या वरच्या अंगाला तोंड करून बसतो. वल्हवणाऱ्याला जायचं ते दिसत नाही, सोडून आलेलं दिसतं. हयात अशीच गेली. माझा डावा तोच डावा, दुसरा असतो हे डोक्यातच आलं नाही.

लेक: त्यांनी डोळे उघडले असते तर त्यांच्याही डोक्यात आलं असतं. तेवढा दोष त्यांचा.

नावाडी: बरं, पुरात दिसलं नाही. ओसरल्यावर तरी दिसलं ना? शाळेमागे उभी कड, समोर अंगणासारखी सपाट वाळू. तरी दगड वाळूवर कसे टाकतो माणूस? अगं, पाणी वळणावर आलं की बाहेरच्या अंगाला रेटतं. तिथे त्याला पळ असतो. पळतं तेव्हा उचलतं. आधी तळाशी पोखरतं, वरची कड तशीच उभी असते, गवतासकट, दिसायला धडधाकट, आणि एक दिवस बसते. आतल्या अंगाला पाणी सुस्तावतं. दमलं की टाकतं. गोटे आधी, मग वाळू, मग गाळ. नदीची सगळी विद्या एवढीच. आतल्या काठाला दगडांची गरज काय? तिथे नदी स्वतःच आणून भरतेय.

लेक: हे सगळं त्यांना पुस्तकातून ठाऊक आहे.

नावाडी: मग बोलले का नाहीत?

लेक: काल जेवताना बोलून गेले. एवढे दिवस दाबून ठेवलं होतं बिचाऱ्यांनी. म्हणाले, कड दिसली तेव्हा मलाही चमत्कारिक वाटलं. पण बाबांचा जन्म पाण्यावर गेला, ते डावा म्हणाले म्हणजे नदी पुढच्या पुरात डावीकडे फिरणार असेल. बाबांना नदीच्या मनातलं कळतं. मी काल नोकरीला लागलेला माणूस, त्यांना उलट विचारू, तुम्हाला खात्री आहे का म्हणून?

नावाडी: विचारलं असतं तर मी काय खाल्लं असतं का त्यांना?

लेक: ते तरी तुम्हाला खाणार होते का? तुम्ही जावई म्हणून गप्प, ते सासरे म्हणून गप्प. मान राखून राखून यंदाच्या पुरात शिंपीणकाकूंची मागची खोली नदीत घातलीत दोघांनी. शाळेची भिंतही.

नावाडी: हळू बोल. पाण्यावर आवाज लांब जातो.

लेक: अजून मुख्य राहिलंय. ऑफिसात पहिल्यांदा विचारलं तेव्हा साहेब म्हणाले, डावा काठ कुणी सांगितला? हे म्हणाले, कुणी नाही, मी स्वतः पाहिला.

नावाडी: स्वतः? डोळे मिटून?

लेक: तुमचं नाव घ्यायचं नव्हतं त्यांना. म्हणाले, गाव ज्याच्या शब्दावर नावेत पाय ठेवतं, त्याचा शब्द चार लोकांत खोटा पडायला नको. साहेब म्हणाले, कुणाचं ऐकताना चूक झाली असती तर एक वेळ समजून घेतलं असतं. पण डोळ्यांनी बघून जो माणूस उलट लिहितो तो नदीवर ठेवायचा कशाला? आज ठरणार आहे. आज त्यांची नोकरी जाणार, बाबा, आणि ते ती जाऊ देणार आहेत.

नावाडी: आणि मी इकडे बाह्यांवर हसत होतो.

लेक: हो.

नावाडी: मेल्याहून मेल्यासारखं झालं गं. त्यांनी माझा शब्द झाकला आणि मी त्यांना उघडं पाडलं. मागच्या आठवड्यात ते नावेत चढले, तर सगळे एकमेकांना कोपरं मारत होते. मी पाण्याकडे बघत बसलो. त्यांनी विचारलं, बाबा, तब्येत बरी ना? मी हं म्हटलं. हं. एवढाच शब्द दिला त्यांना.

लेक: डोळे पुसा. वाळू आली जवळ.

नावाडी: त्यांना हे कळलंय, डाव्याचं?

लेक: नाही. आधी तुम्हाला सांगावंसं वाटलं. त्यांना तुम्ही सांगा.

नावाडी: मी काय सांगू? कुठल्या तोंडाने?

लेक: ज्या तोंडाने डावा म्हणालात.

नावाडी: बरं, त्यांना सांगतो. पण शाळेत, सगळ्यांसमोर, त्याची काय गरज आहे? साहेबांना बाजूला घेऊन सांगितलं तर? आपलेच दात, आपलेच ओठ.

लेक: साहेबांना बाजूला सांगाल आणि गाव ह्यांनाच हसत राहील. शिवाय दगड हलवायचेत, पाणी पुन्हा चढायच्या आत. त्याला नावा लागतील, माणसं लागतील. ह्यांच्या शब्दावर आज या गावात कुणी एक टोपली उचलणार नाही. तुमच्या उचलतील.

नावाडी: माझ्या? हे ऐकल्यावर?

लेक: ते ऐकल्यावर कळेल. एक मात्र करा. हसण्याचं ह्यांना सांगू नका. चुकीबद्दल सांगा. हसण्याचं माझ्यापाशी राहू दे.

(नाव वाळूला लागते. जावई बूट हातात घेऊन गुडघाभर पाण्यातून चढतो आणि लेकीशेजारी बसतो.)

जावई: फार वेळ थांबलात का? मी जरा खणून बघत होतो. बाबा, नमस्कार.

नावाडी: पोरी, त्यांना म्हणावं, मधे सरकून बसा. नाव कलते.

लेक: बाबा म्हणतायत, मधे सरका.

जावई: हो, हो. बाबांना सांग, दगड शाबूत आहेत. जाळ्यांची तार कुठे तुटलेली नाही. वर कमरेइतकी वाळू बसलीय फक्त. एका दृष्टीने पाहिलं तर नदीने सांभाळूनच ठेवलेत.

लेक: ते समोर बसलेत. तुम्हीच सांगा.

जावई: नाही, म्हणजे त्यांना वल्हवताना उगाच त्रास नको.

नावाडी: वाळू कुठली आहे, विचार त्यांना. पिवळी की राखी?

जावई: राखी आहे. मला वाटलं, शाळेच्या काठाची असेल. समोरून गेली आणि इकडे बसली.

नावाडी: समोरची माती समोर बसत नसते. ती धारेत पडली की खाली जाते, पुढच्या वळणाला. आपल्याकडे बसते ती वरच्या गावांची, राखी. कुणाचं घर कुणाच्या अंगणात येतं, आणि ज्याचं गेलं त्याला पत्ता नसतो. आपलं कुठे गेलं ते बघायलाही आपण कधी खाली जात नाही.

जावई: खरं आहे. असं नीट कुणी सांगितलं नव्हतं मला.

नावाडी: मळमळतंय का?

जावई: थोडं.

नावाडी: डोळे मिटू नका. मिटले की जास्त होतं. लांब बघा, झाडांच्या शेंड्यांकडे.

जावई: हो. आता जरा बरं वाटतंय. हे मागच्या वर्षी माहीत असतं तर.

नावाडी: मागच्या वर्षी सांगायला हवं होतं मी. बरंच काही सांगायला हवं होतं.

लेक: बाबा.

नावाडी: सांगतोय गं. जावईबापू, हे बघा. वल्हवणारा पाठमोरा बसतो.

जावई: हो.

नावाडी: आणि तुम्ही त्याच्यासमोर बसता.

जावई: हो.

नावाडी: तेव्हा त्याचा डावा. म्हणजे मी डावा म्हणालो तो. मी वर तोंड करून बसलेलो. नदी खाली चाललेली. तुम्ही नदीबरोबर बघणारे. म्हणजे डोळे उघडे असते तर. मला काय म्हणायचंय ते कळतंय का?

जावई: एक मिनिट. तुमचा डावा. तुमच्या डाव्या हाताला तेव्हा शाळा होती?

नावाडी: शाळाच होती.

जावई: म्हणजे तुम्ही शाळेचाच काठ म्हणत होता.

नावाडी: शाळेचाच. दुसरा कुठला म्हणणार?

जावई: म्हणजे तुमचं बरोबर होतं, बाबा.

लेक: हसताय काय?

जावई: अगं, बरं वाटलं. वर्षभर माझ्या मनात यायचं, की बाबांचा अंदाजसुद्धा चुकू शकतो. आणि असं मनात आलं की स्वतःचीच लाज वाटायची, आपण कोण त्यांच्याबद्दल असा विचार करणारे. नदी त्यांना बरोबर कळली होती. सुटलो मी.

नावाडी: तुम्ही सुटलात? नोकरी चाललीय तुमची.

जावई: ती माझ्या चुकीने चाललीय. प्रवाहाच्या दिशेने डावा ना, एवढंच विचारायचं होतं. पहिल्या धड्यात शिकवतात ते. पण खरं सांगू? तोंड उघडलं असतं तर ओकलो असतो. सासऱ्यांच्या नावेत, सासऱ्यांसमोर. तेवढ्यासाठी गप्प बसलो. हे मी साहेबांना कसं सांगू, की नदीच्या माणसाला नाव लागते?

लेक: साहेबांनासुद्धा काहीतरी लागत असेल.

जावई: तू थट्टा कर. बाबा, माझी एक विनंती आहे. तुम्ही आत येऊ नका. मला उतरवा आणि परत जा. मी एवढंच सांगणार आहे, की मला काढा, पण दगड आधी हलवा. तुमचं नाव कुठे निघणार नाही.

नावाडी: का नाही निघणार? मला तोंड नाही का?

जावई: लोक तुम्हाला हसतील. मला हसतात ते ठीक आहे, मी बाहेरचा. तुम्हाला हसलेलं मला सहन होणार नाही.

नावाडी: पोरी, हा माणूस मला वल्हवू देत नाहीये.

लेक: माझ्याकडे बघू नका, बाबा. त्यांच्याकडे बघा.

नावाडी: त्यांच्याकडे बघवत नाही. जावईबापू, मी आत येणार आहे. तुम्ही आडवे येऊ नका. डावा मी म्हणालो. कुणाचा डावा ते सांगितलं नाही. दगड वाळूवर उतरताना रोज बघत होतो, रोज तिथून नाव नेत होतो, आणि एक शब्द बोललो नाही. हे मी सांगणार. तुमच्या नोकरीसाठी नाही हो. मला रात्री घरात भाकरीचा घास तोंडात घालता यायला पाहिजे.

जावई: बाबा, पण मग मी साहेबांशी खोटं बोललो, असं होईल.

नावाडी: ते तुम्ही निस्तरा. एवढं तरी काम तुम्हाला ठेवतो.

लेक: शिंपीणकाकू उभ्या आहेत काठावर.

नावाडी: दिसत नाही मला. पाठ आहे माझी. आणखी कोण आहे?

लेक: हेडबाई, खडीवाला, सगळेच. साहेबांची गाडीही आलीय.

नावाडी: बरं.

शिंपीण: आलात का, नावाडीदादा? साहेब केव्हाचे येऊन बसलेत. अगबाई, आणलंत का तुमच्या शहाण्याला? मी म्हटलं, आज तोंड लपवतात की काय. उतरा, उतरा, छोटे साहेब. हा डावीकडचा काठ नव्हे, चुकून उतराल हो.

जावई: नमस्कार, काकू.

शिंपीण: नमस्कार काय करता? मशीन गेलं माझं. लोकांचे अर्धे शिवलेले कपडे गेले. रोज कुणीतरी दारात येतं, माझी बाही द्या, माझा गळा द्या. मी कुठून देऊ?

नावाडी: बाई, त्यांना बोलू नका.

शिंपीण: का बोलू नको? त्या दिवशी नावेत तर...

नावाडी: दगड चुकीच्या काठाला पडले ते माझ्या शब्दामुळे. मी डावा म्हणालो. माझ्या बाजूने डावा. त्यांनी नदीचा डावा धरला. माझं नाव निघू नये म्हणून त्यांनी सगळं अंगावर घेतलं. हेच आत जाऊन सांगणार आहे. आधी तुम्हाला सांगतो, कारण खोली तुमची गेली.

शिंपीण: तुमच्या शब्दामुळे?

नावाडी: माझ्याच.

शिंपीण: मग त्या दिवशी माझ्याबरोबर हसत होता ते काय होतं?

लेक: काकू, ते राहू द्या आता.

शिंपीण: राहू कसं देऊ? मी ह्या माणसाला काय काय बोलले. भरल्या नावेत बोलले. मुद्दाम तुमच्यासमोर बोलले, दादा. वाटलं होतं, सासरा आहे, कुठेतरी म्हणेल, पुरे आता. म्हणाला असता तर मीही गप्प बसले असते. तुम्हीच म्हणालात, शाळेत गेलो नाही तेच बरं. मग आम्ही म्हटलं, घरचाच माणूस असं बोलतो, म्हणजे तसंच असणार. त्या दिवसापासून गाव ह्याला हसायला लागलं.

जावई: बाबा असं म्हणाले?

नावाडी: मला तेव्हा ठाऊक नव्हतं, बाई. खरंच नव्हतं.

शिंपीण: चूक कुणाची ते ठाऊक नव्हतं, मानलं. जावई कुणाचा ते तर ठाऊक होतं ना?

नावाडी: होतं.

लेक: अहो, मी तुम्हाला सांगणार होते. नंतर, सावकाश.

जावई: दोर इकडे दे.

लेक: ऐकताय ना तुम्ही?

जावई: ऐकलं मी. दोर दे आधी, नाव फिरतेय.

नावाडी: जावईबापू, तुम्ही पुढे व्हा. मी मागून येतो. तुमच्याबरोबर चालत यायला मला तोंड नाही.

जावई: बाबा, तिथे पाय ठेवू नका. ती कड खालून पोकळ झालीय. माझा हात धरा.